मिटलेल्या दुकानांचा जमाखर्च

ज्ञातिसंस्थेचा इतिहास लिहावयास बसणारा लेखक प्रथम सभांची टिपणे, संमत झालेले ठराव, देणगीदारांच्या याद्या आणि वसतिगृहाचे हिशेब धुंडाळतो. ही साधने आवश्यक आहेत, यात शंका नाही. परंतु ज्या रोजच्या उद्योगव्यवहारांतून त्या देणग्या जमल्या, त्यांची नोंद अशा कागदांत क्वचितच सापडते. ती सापडते वार्षिक अंकांच्या अखेरच्या पानांवर, जाहिरातींत. छापखाना, खानावळ, कापडाचे दुकान, पुस्तकांचे भांडार अशा चौकटी तेथे ओळीने मांडलेल्या असतात. वाचक ती पाने भराभर उलटतो आणि अंक मिटतो. त्यांतील पुष्कळशा पत्त्यांवर आज ते दुकान नाही, कित्येक ठिकाणी ती इमारतही नाही.

प्रस्तुत लेखात मुंबईतील गिरगाव व काळबादेवी या भागांतील अशा काही मिटलेल्या व्यवसायांचा परामर्श घेण्याचे योजिले आहे. पोटापाण्यासाठी मुंबईस आलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांचा एखादा तरी धागा या भागाशी जुळलेला आढळतो, हेच या निवडीचे कारण होय.

पहिला मान अर्थातच निर्णयसागर छापखान्याचा. त्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ चा. गरिबीमुळे लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागले. तेथे त्यांनी जे पाहिले, ते हाताने आणि डोळ्याने आत्मसात केले. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखान्याची स्थापना केली. अक्षरांचे साचे कोरण्यात निष्णात असलेले राणोजी रावजी आरू यांची साथ त्यांना लाभली. इंग्रजीचे काम मोजक्या अक्षरांवर भागते. देवनागरीत मात्र काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांचे शेकडो प्रकार लागतात. ते सारे एका वळणाचे, एका उंचीचे आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना सुखावणारे करणे हे सामान्य काम नव्हते. निर्णयसागरी वळण म्हणून जे अक्षर प्रसिद्धीस आले, त्याच्यामागे हे परिश्रम होते.

या छापखान्याचे पंचांग घरोघरी भिंतीवर लटकत असे, तर त्याचे ग्रंथ पंडितांच्या मांडीवर उघडलेले असत. १८८६ पासून जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादकत्वाखाली ‘काव्यमाला’ निघू लागली, आणि पोथ्यांच्या बासनांत बांधून पडलेली कितीतरी संस्कृत काव्ये व नाटके छापील रूपाने विद्वानांच्या हाती आली. पुढे वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर यांच्यासारख्या शास्त्र्यांनी तेथे ग्रंथशुद्धीचे कार्य केले. एका गल्लीतील छापखान्याने संस्कृत विद्येची केलेली ही सेवा एखाद्या विद्यापीठास शोभणारी आहे.

१८९२ साली जावजी निवर्तले. त्यानंतरचा इतिहास ग्रंथांच्या मुखपृष्ठांवरच वाचावा. प्रकाशक म्हणून प्रथम जावजी दादाजी, मग तुकाराम जावजी, मग पांडुरंग जावजी आणि त्यांच्यामागून सत्यभामाबाई पांडुरंग. पत्ता २६-२८ कोलभाट गल्ली. नावे बदलत गेली, कामाचा दर्जा टिकून राहिला. घरातील स्त्रीचे नाव प्रकाशक म्हणून संस्कृत ग्रंथांवर छापले जावे, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे शिशाच्या खिळ्यांचे युगच संपले, छपाईची नवी तंत्रे आली आणि कोलभाट गल्लीतील ती परंपरा थांबली. त्या ग्रंथांची छायाचित्रित पुनर्मुद्रणे अद्याप विकली जातात. अक्षर राहिले, ते ओतणारी मूस मात्र निवाली.

दुसरे दार करमणुकीचे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला, आणि अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये लागला. म्हणजे भारतीय मूकपटाचा प्रारंभ आणि बोलपटाचा जन्म हे दोन्ही सोहळे गिरगावकरांनी आपल्या घरापासून चालत जाऊन पाहिले! आज ही दोन्ही चित्रगृहे नाहीत. मॅजेस्टिकच्या बाबतीत मात्र एक नवलाची गोष्ट घडली. १९४२ साली केशवराव कोठावळे यांनी त्या चित्रगृहाच्या आश्रयाने पुस्तकविक्री आरंभिली आणि दुकानास त्याचेच नाव दिले. त्या छोट्या दुकानातून प्रकाशनसंस्था उभी राहिली, आणि १९६४ च्या जानेवारीत ‘ललित’ मासिक निघाले. चित्रगृह पाडले गेले आणि त्याचे नाव मराठी पुस्तकांवर शिल्लक राहिले. दुकान मिटले तरी त्याची पुण्याई दुसऱ्याच्या खाती जमा होते, ती अशी.

तिसरे दार खानावळीचे. कोकणातून वा देशावरून एकटा आलेला तरुण चाळीतील एका खोलीत इतर चौघांसह पथारी टाकी आणि दोन वेळचे जेवण खानावळीत घेई. महिन्याचे पैसे ठरलेले, गैरहजेरीचे खाडे वहीत मांडलेले, आणि नोकरी सुटली तर महिना दोन महिने थांबण्याची मालकाची तयारी. या उधारीस कागद नसे, जामीन नसे. गाव, आडनाव आणि ओळख एवढ्यावर ती चाले. खोताच्या वाडीतील ‘अनंताश्रम’ मासळीच्या जेवणासाठी सर्व मुंबईत नावाजलेले होते. तेही आता इतिहासजमा झाले. परळ-लालबागच्या गिरणगावात हेच काम घराघरांतून स्त्रिया करीत. त्यांतील अनेकींचा संसार गिरणीकामगारांच्या जेवणावर चाले. सावकारी व्याजातून त्यांची सुटका व्हावी म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापिले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला, सुमारे अडीच लक्ष कामगार बाहेर पडले, आणि जेवणाराच गावी परतल्यावर अनेक चुली थंडावल्या.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करणे इतिहासाच्या दृष्टीने अवश्य आहे. खानावळींच्या आठवणी गोड असल्या, तरी त्या सर्वांच्या वाट्यास सारख्या आलेल्या नाहीत. जातवार पंक्ती, वेगळी भांडी आणि काहींना उंबऱ्याबाहेरच थांबविणे, हे त्या काळच्या कित्येक खानावळींचे वास्तव होते. १९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने दुकानांत व उपाहारगृहांत कोणासही मज्जाव करणे गुन्हा ठरविला. ओळखीवर चालणारी उधारी हा ज्या व्यवस्थेचा गुण, त्याच ओळखीचा अभाव हा तिचा दोष. ज्ञातीच्या वार्षिक अंकात हे लिहिणे आपले कर्तव्य आहे. जमेची बाजू तेवढी लिहून खर्चाची पाने फाडणाऱ्या वहीस कोणी हिशेब म्हणत नाही.

ही दुकाने का मिटली? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीवर स्थिर केली. त्या स्वस्त भाड्यावर कित्येक लहान व्यवसाय अर्धशतक तगले, हे विसरता येत नाही. पण त्याच भाड्यात इमारतीची डागडुजी होईना. घरे खचली, पुनर्बांधणी आली. गिऱ्हाईक बोरिवली, डोंबिवलीकडे राहावयास गेले. मेट्रोच्या भुयारी मार्गासाठी गिरगाव-काळबादेवीतील काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. त्या मार्गावर २०२५ च्या ऑक्टोबरात गिरगाव आणि काळबादेवी ही दोन्ही स्थानके सुरू झाली.

या सर्वांहून मोठे कारण मात्र आपल्या घरातच आहे. दुकानदाराने गल्ल्यावर बसून मुलांना शिकविले. मुले डॉक्टर, अभियंता, अधिकारी झाली. ती गल्ल्यावर परतली नाहीत. यात कोणाचा अपराध नाही. बापाचीच ती इच्छा होती. म्हणून अशा दुकानाचे मिटणे हे सर्वस्वी अपयश मानू नये. पुष्कळ ठिकाणी ते त्या दुकानाचे अंतिम फळ होते. मात्र ज्या वहीने आपले शिक्षण केले, ती वही रद्दीत घालण्याचा अधिकार आपणांस त्या शिक्षणाने खचितच दिलेला नाही.

म्हणून सभासद कुटुंबांस एक विनंती आहे. आपल्या घरात मिटलेल्या व्यवसायाचे जे काही उरले असेल, ते जपावे. दुकानाची पाटी, रोजमेळ, खातेवही, बिलांचे नमुने, दरपत्रक, कामगारांची नावे, वजने-मापे, अक्षरांचे खिळे, यांतील काहीही क्षुल्लक नव्हे. दुकान कोणत्या साली उघडले, भांडवल कोणाकडून आले, उधारी किती बुडाली, कोणास दार बंद होते आणि अखेरचे गिऱ्हाईक कोण, हे घरातील वडीलधाऱ्या मंडळींकडून आताच विचारून लिहून ठेवावे. त्या वह्यांची छायाचित्रे घेणे आज मोबाइलमुळे लहान मुलांसही साधते.

संस्थेच्या जुन्या अंकांतील जाहिरातींची पाने यापुढे कोणी उगाच उलटू नयेत. त्यांतील एक एक चौकट घ्यावी, तिचा पत्ता शोधावा, आणि त्या घराण्यातील कोणी हयात असल्यास त्यांच्याकडून चार ओळी लिहवून आणाव्यात. पुढील अंकात अशा दहा चौकटींचा वृत्तान्त छापता आला, तर ज्ञातीच्या इतिहासाचे एक प्रकरण पुरे होईल.