दोनदा सांगितले तरी एकदाच

कारंजा लाडच्या जैन भांडारांत जुन्या हस्तलिखित पोथ्या जपल्या गेल्या. तेथील ग्रंथमालेत डॉ. हिरालाल जैन यांनी १९३३ साली पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ संपादित केले. हाताने नकलून काढलेल्या प्रतींत पाठभेद शिरतातच. संपादकाला ते ताडून पाहावे लागतात.

याच गावातल्या एका संगणक-कक्षात आम्हाला पाठभेदांचा वेगळा अनुभव आला. वीस संगणक, सर्वांवर डेबियन लिनक्स. संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता आणि बाहेर जाण्याचा दरवाजा, म्हणजे गेटवे, ‘इंटरफेसेस’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिलेला असतो. गेटवे बदलला, म्हणून आम्ही छोटा आज्ञासंच लिहिला: जुनी ओळ खोड, नवी शेवटी जोड. काही संगणकांवर तो चुकून दोनदा चालला. खोडायला जुनी ओळ उरली नव्हती, नवी मात्र पुन्हा जोडली गेली. एकाच कार्डाला दोन गेटवे दिसताच संगणकाने ती फाईलच नाकारली. नेटवर्क बंद, म्हणजे दुरून दुरुस्तीही बंद! प्रत्येक संगणकापुढे बसून ओळ खोडावी लागली.

या चुकीला इतिहास आहे. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी १९६९ साली ‘एड’ हा संपादक लिहिला; त्यात माणूस एकेक आज्ञा देई. १९७३-७४ च्या सुमारास ली मॅकमहॉन यांच्या ‘सेड’मुळे आज्ञा आधीच लिहून ठेवता येऊ लागल्या. माणूस बाजूला झाला. पण ‘हे आधीच झाले आहे’ हे ओळखणारी त्याची नजरही गेली.

१९९३ साली ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस या भौतिकशास्त्रज्ञाने ‘सीएफइंजिन’ लिहिले. त्यातली एक आज्ञा होती: अशी ओळ नसेल तरच जोड. कृती सांगण्याऐवजी हवी ती स्थिती सांगायची. फरक असेल तरच साधन हात लावते. पुढे ‘पपेट’ (२००५) आणि ‘अॅन्सिबल’ (२०१२) यांनीही हाच विचार उचलला.

वर्गात हे सहज दाखवता येईल. ‘दाराला कडी असू दे’ असे दोन मुलांना एकामागून एक सांगा. मग ‘कडी सरकव’ असे सांगा. दुसऱ्या वेळी दार उघडे सापडेल.