अजिंठ्याच्या प्रतिकृती आणि तैलचित्रणाचे शिक्षण (इ.स. १८७२ ते १८८५)

प्रस्तावना :
जुन्नर-आंबेगाव परिसरातील इतिहासाच्या विद्यार्थ्याला लेणी नवीन नाहीत. स्थापत्य व शिलालेख यांच्या अंगाने त्यांचा अभ्यास होतो. तथापि लेण्यांतील धार्मिक चित्रांची नक्कल करता करता महाराष्ट्रातील एक पिढी तैलरंग हाताळावयास शिकली, ही बाब कलेतिहासाबाहेर फारशी चर्चिली जात नाही. प्रस्तुत लेखात या प्रयत्नाची फलश्रुती व त्याची किंमत या दोहोंचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याचे काम ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल यांच्याकडे सोपविले. त्यांची बहुतेक तैलचित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. त्यानंतर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांसह हे काम हाती घेतले. मध्यंतरी खंड पडूनही ते १८८५ पर्यंत चालले व सुमारे ३०० चित्रे तयार झाली. विद्यार्थ्यांचे नेतृत्व पेस्तनजी बोमनजी (१८५१-१९३८) यांच्याकडे होते.

विवेचन :
युरोपातील विद्यार्थी जुन्या उस्तादांची धर्मचित्रे उतरवून तैलरंग शिकत. मुंबईच्या शाळेत मात्र ग्रीक-रोमन शिल्पांचे प्लॅस्टरचे नमुने समोर असत. अजिंठ्यात प्रथमच जातककथा रंगविणारे भारतीय चित्रकार गुरुस्थानी आले. सोळाव्या लेण्यातील मरणोन्मुख राजकन्येच्या चित्रातल्याहून अधिक भावदर्शन फ्लॉरेन्स वा व्हेनिसच्या चित्रकारांनाही साधले नसते, असे ग्रिफिथ्स यांचे मत होते.

परंतु माध्यम बदलले होते. मूळ चित्रे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन, डिंकासारख्या बंधकात कालविलेल्या रंगांनी काढलेली. नक्कल कॅनव्हासवर, सावकाश वाळणाऱ्या तेलरंगात. रेषेने साधलेला घाट विद्यार्थ्याला छायाप्रकाशाच्या परिभाषेत पुन्हा मांडावा लागे. पोपडे गेलेल्या ठिकाणी काय करावे, हाही निर्णय त्यालाच घ्यावा लागे. म्हणजे ही नक्कल केवळ हस्तकौशल्य नव्हते. ते एक प्रकारचे भाषांतर होते.

या शिक्षणाची किंमत मूळ भिंतींनी मोजली. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून नक्कलकारांनी त्यांवर व्हार्निश लावले. ते कालांतराने काळवंडले. १९२० च्या दशकाच्या आरंभी निजाम सरकारने पाचारण केलेल्या चेकोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना ते काढण्याचे प्रयत्न करावे लागले. इकडे लंडनला पाठविलेल्या नकलांपैकी अनेक १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. ग्रिफिथ्स यांचा द्विखंडी ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणून या कामाचा मोठा भाग अभ्यासकांपर्यंत पोहोचला.

निष्कर्ष :
जतनासाठी केलेल्या नकलेनेच मुळाला इजा पोहोचविली आणि नकलाही पूर्णपणे टिकल्या नाहीत. टिकले ते विद्यार्थ्यांच्या हाती आलेले कसब, व भारतीय चित्रकार गुरू होऊ शकतो ही जाणीव. तरीही वाचलेल्या नकला आज अमूल्य साधने ठरतात, कारण भिंतीवरून पुढे झडून गेलेले काही तपशील त्यांत आढळतात. जुन्नरच्या लेण्यांत विद्यार्थ्यांना घेऊन जाताना, अक्षरे उठून दिसावीत म्हणून शिलालेखावर खडू वा पाणी फिरविण्याचा मोह होतो. तेव्हा अजिंठ्यातील त्या व्हार्निशचे स्मरण ठेवणे, हे आपल्या अध्यापनाचेच अंग मानावयास हवे.