कुष्ठानं माणूस मरत नव्हता, मग कशानं मरत होता?

गाणगापूरला, म्हणजे आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या अफजलपूर तालुक्यात, भीमा-अमरजा संगमावर गेलेल्या प्रत्येकाला नरहरी ब्राह्मणाची कथा ठाऊक असते. गुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायात ती आहे. अंगावर कुष्ठ उठलेल्या नरहरीला श्रीगुरू औदुंबराचं वाळलेलं लाकूड संगमाकाठी रोवून त्याला पाणी घालायला सांगतात. लोक हसतात, पण तो पाणी घालत राहतो. लाकडाला पालवी फुटते आणि त्याचं कुष्ठ जातं.

ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. यातलं ‘कुष्ठ’ म्हणजे नेमका कोणता रोग, हा प्रश्न मात्र पन्नाशीनंतर पडला. आयुर्वेदात कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितलेत, सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं. आज ज्याला आपण सोरायसिस, कोड, खरूज, नायटा म्हणतो त्यातलं बरंच काही त्या एकाच शब्दात बसत होतं. शब्द एक, म्हणून भीतीही एकच. कोणता त्वचारोग जीव घेतो आणि कोणता घेत नाही, हा हिशेब आपल्या भागात त्यामुळे कायम चुकत आला. हे टिपण त्या हिशेबाबद्दल आहे.

बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि मग हैदराबाद राज्यात होते. त्याच मुलखात, निजामाबादजवळ डिचपल्लीला, डॉ. इसाबेल कर आणि त्यांचे पती रेव्हरंड जॉर्ज कर यांनी कुष्ठरुग्णांसाठी मोठं रुग्णालय उभारलं. बाई स्कॉटलंडच्या, १९०७ मध्ये इकडे आल्या. आधीच्या छोट्या केंद्रात जागा पुरेना, तेव्हा राजा नरसा गौड यांनी मोठी देणगी दिली आणि १९१५ च्या सुमारास डिचपल्ली सुरू झालं. औषध होतं चौलमुग्रा जातीच्या बियांचं तेल. आपल्याकडे त्यातल्याच एका झाडाला कडू कवठ म्हणतात आणि सुश्रुतानं ‘तुवरक’ म्हणून त्याची महती गायली आहे. हे तेल पोटात घेतलं की मळमळायचं, म्हणून सुईनं टोचायचे आणि ते भयंकर दुखायचं.

आता मूळ प्रश्न. कुष्ठाचा जंतू हान्सेन यांनी १८७३ मध्ये दाखवला. हा जंतू अतिशय संथ. तो त्वचा आणि नसा खातो, पण सहसा थेट जीव घेत नाही. जुन्या कुष्ठरुग्णालयांत माणसं मरत ती क्षयानं, जुलाबानं, मूत्रपिंडं निकामी झाल्यानं, बधिर पायांच्या चिघळलेल्या जखमांतून रक्तात विष भिनल्यानं. काहींच्या घशात गाठी वाढून श्वास कोंडायचा. आणि यातलं बरंचसं कशामुळे? तर घरातून काढून दिल्यामुळे, उपासमारीमुळे आणि फार उशिरा दवाखान्यात पोचल्यामुळे. रोगापेक्षा त्याच्या भीतीनं जास्त माणसं मारली, असं माझं मत आहे.

पुढचा धागा डिचपल्लीतूनच निघतो. तिथं काम केलेले डॉ. जॉन लोव पुढे कलकत्त्याला आणि नंतर नायजेरियात गेले. तिथं त्यांनी डॅप्सोनच्या गोळ्या रुग्णांना तोंडावाटे दिल्या. स्वस्त, सोप्या आणि गुणकारी. कुष्ठाचा इतिहास त्या गोळीनं बदलला. पण त्याच लोवनी सहकारी स्मिथ यांच्यासह १९४९ मध्ये आणखी एक गोष्ट नोंदवली: गोळी सुरू केल्यावर साधारण चार-सहा आठवड्यांनी काही रुग्णांना ताप येतो, अंगभर पुरळ उठतं, गाठी सुजतात, कावीळ होते. नंतरच्या अभ्यासांत असं दिसलं की शंभरातल्या एक-दोघांना हे होतं, आणि ज्यांना होतं त्यांच्यातला दहातला एक दगावतो. ज्या रोगाला सगळे घाबरत तो मारत नव्हता. ज्या पुरळाला ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सोडून देत ते मारत होतं!

याचा आणखी उग्र भाऊ म्हणजे कातडी भाजल्यासारखी सोलून निघणारा रोग. स्टीव्हन्स आणि जॉन्सन यांनी त्याचं एक रूप १९२२ मध्ये मांडलं, लायल यांनी सर्वांत गंभीर रूप १९५६ मध्ये, म्हणजे आपले जिल्हे म्हैसूर राज्यात गेले त्याच साली. कारण बहुतेक वेळा औषधच: सल्फा, फिटांच्या गोळ्या, गाऊटची अॅलोप्युरिनॉल. मी इंजिनिअर, मला हे टाकीच्या भाषेत कळतं. कातडी हे टाकीचं अस्तर. ते निघालं की पाणी आणि प्रथिनं झिरपतात, उष्णता निसटते आणि बाहेरचे जंतू आत शिरतात. शेवट बहुधा जंतुसंसर्गानं होतो.

२००० साली फ्रेंच डॉक्टरांनी यासाठी ‘स्कोर्टेन’ नावाचा साधा गुणतक्ता केला. वय चाळिशीपुढे, कर्करोग, नाडी १२० च्या वर, दहा टक्क्यांहून जास्त कातडी सुटलेली, रक्तात युरिया वाढलेला, साखर २५२ मिलिग्रॅमच्या वर, बायकार्बोनेट कमी. प्रत्येकाला एक गुण. शून्य किंवा एक गुण असेल तर शंभरातले तीन जण दगावतात, तीन गुणांना पस्तीस, पाच किंवा जास्त गुणांना नव्वद. बहुतेक रकाने आपल्या हातात नाहीत. हातात असतं ते एकच, संशयित औषध लवकर थांबवणं.

डॅप्सोन आजही कुष्ठाच्या एमडीटी पाकिटात आहे, आणि असावंच. देशात १९८३ पासून या औषधांनी लाखो लोक बरे झाले. भालकी-औरादकडे, आळंदकडे कोणी ही गोळी नव्यानं सुरू केली असेल आणि महिन्याभरात ताप नि पुरळ आलं, तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टर गाठायला सांगा. आणि शेजारी कुणाला कुष्ठ झालं, तर त्याला घरातच राहू द्या. नरहरीनं वाळक्या लाकडाला रोज पाणी घातलं. आपल्या वाट्याचं पाणी हे एवढंच.