पुण्याच्या कुंभाराने लावलेले नाक

सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजच्या बाईच्या छातीत गाठ निघाली, की घरातल्यांची पहिली धडपड असते ती गाठ काढून टाकायची. काढलेला स्तन पुन्हा घडवता येतो, हा विषय निघालाच तर फार उशिरा. ज्या युक्तीवर ही शस्त्रक्रिया उभी आहे, ती मात्र याच मुलखात, पुण्याजवळ, सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका कारागिराच्या हातात होती.

इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. (नाव पारशी वाटले, तरी इंग्रजी वृत्तांत त्याला शेतकरी मराठा म्हणतो.) वर्षभराने विटा भाजणाऱ्या जातीतल्या, म्हणजे बहुधा कुंभार असलेल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. मेणाचा पातळ पत्रा जखमेवर बसवून माप घेतले, पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, कडेने रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोलून खाली वळवली. दोन भुवयांमधली एक पट्टी मात्र कापली नाही. त्या देठातून रक्त येत राहिले, म्हणून कातडी जगली. टाके नाहीतच, काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी सगळे चिकटवले. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ तोडला. क्रूसो आणि फिंडले या मुंबईच्या डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिले होते. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते छापून आले आणि १८१४ मध्ये सर्जन कार्प्यू यांनी तिथे तीच रीत वापरली.

हीच देठाची युक्ती पुढे स्तनासाठी आली: इटलीत सर्जन तान्सिनी यांनी १९०६ मध्ये पाठीची कातडी आणि स्नायू देठासकट स्तन काढलेल्या छातीवर वळवले. पण स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत अमेरिकेतले सर्जन हॉल्स्टेड यांचा दबदबा मोठा. झाकलेल्या जागी रोग उलटला तर कळणार नाही, असे मानणाऱ्यांची सरशी झाली आणि तान्सिनी विस्मरणात गेले. १९६२ मध्ये ह्यूस्टनला स्तनात बसवायची सिलिकॉनची पिशवी आली, १९८२ मध्ये सर्जन हार्ट्रॅम्फ यांनी पोटाची कातडी-चरबी स्नायूसकट वर छातीवर आणली.

अकलूजच्या सोलापूर जिल्ह्यात कर्करोगाशी चाललेल्या लढाईचे स्वरूप तेव्हा वेगळेच होते. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात १९८७ मध्ये खेड्यांसाठीची देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली, तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे समजावत. आधी रोग वेळेत सापडायला हवा होता; नवा स्तन ही चैनच वाटली असणार.

आता पोटाचा स्नायू जागेवर ठेवून नुसती कातडी-चरबी उचलतात. कुंभाराने जपलेला देठ इथे सरळ कापतात आणि दोनतीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीत जोडतात. त्याला तासन्‌तास लागतात आणि हा हात बसलेले सर्जन मोठ्या शहरांतच जास्त. त्यामुळे अकलूजच्या बाईला त्यासाठी बहुधा पुणे किंवा मुंबई गाठावी लागते.