अंगावरून वारं जाण्याआधी : पोटातल्या बाळापासून आजी-आजोबांपर्यंत मेंदू असा जपा

पहाटे गोठ्यात गेलेला धडधाकट माणूस अचानक खाली बसतो. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं. मग सुरू होते धावपळ : कुणी म्हणतं अमक्या गावाला औषध मिळतं, कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं. यातच मोलाचे तास निघून जातात. लकवा, फिट, विसरभोळेपणा हे सगळे मेंदूचे आजार आहेत आणि त्यातले बरेचसे टाळता येतात. कोणत्या वयात काय जपायचं, ते पाहू.

गरोदरपण
बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया गर्भ राहिल्यानंतर पहिल्या 28 दिवसांतच घातला जातो. तेव्हा बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून मूल हवं असेल तर आधीपासूनच डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सुरू कराव्यात. दिवस गेल्यावर आशाताईंकडे लगेच नाव नोंदवा. मीठ आयोडीनयुक्तच वापरा. मिश्री, तंबाखू पूर्ण बंद.

जन्मापासून 5 वर्षं
पहिले 6 महिने फक्त आईचं दूध. वरचं पाणी, घुटी, मध काही नको. बीसीजीची लस लहान मुलांना मेंदूच्या टीबीपासून वाचवते आणि गोवर-रुबेलाची लस गोवरातून होणारी मेंदूची सूज टाळते, म्हणून एकही डोस चुकवू नका. सहा महिन्यांनंतर वरणभात, अंडं, पालेभाजी, शेंगदाण्याचं कूट द्या. बाळाशी बोला, गाणी म्हणा. रडतं म्हणून मोबाईल हातात देऊ नका.

शाळेची मुलं आणि फिट
पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून माती, पाणी आणि भाजीत येतात. ती पोटात गेली की मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकते. माळकऱ्याच्या घरातही हे होतं, कारण इथे दोष न धुतलेल्या कोथिंबिरीचा किंवा गाजराचा असतो. त्यामुळे संडास वापरा, हात धुवा, कच्ची भाजी नीट धुऊन खा.

फिट आली तर :
- माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूची टणक वस्तू बाजूला करा.
- कांदा, चप्पल हुंगवू नका. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका.
- 5 मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करा.
- फिटच्या गोळ्या मनाने बंद करू नका.

तरुण पोरं
मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. या वयात दारू, गांजा, गुटखा यांचा मार जास्त बसतो. गाडीवर हेल्मेट घालाच, "इथंच शेतावर चाललोय" म्हणून सूट नाही. फवारणी करताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे वापरा, वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून फवारू नका. बरीच कीटकनाशकं थेट मज्जातंतूंवर मारा करतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे विसरू नका.

तिशीनंतर
लकव्याचं मोठं कारण म्हणजे वाढलेला बीपी. तो दुखत नाही, म्हणून कळत नाही. उपकेंद्रात बीपी आणि शुगर फुकट तपासतात. 140/90 किंवा त्याहून जास्त आकडा वारंवार आला तर डॉक्टरांना दाखवा. "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी सोडणं हीच मोठी चूक. मीठ दिवसाला सगळं मिळून एक लहान चमचा, म्हणजे 5 ग्रॅमपेक्षा कमी. यात लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्याही धरा.

तोंड वाकडं होणं, हात न उचलणं, बोलणं अडखळणं, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघा आणि निघा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन करून. म्हणून सीटी स्कॅन असलेलं जवळचं हॉस्पिटल कुठलं, हे आजच विचारून ठेवा. तोपर्यंत रुग्णाला काही खायला-प्यायला देऊ नका.

साठीनंतर
चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं आणि रोजच्या वाटेवर घर न सापडणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला "म्हातारचळ" म्हणून सोडून देऊ नका. बी-12 ची कमतरता, थायरॉईड किंवा उदासपणामुळेही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. ऐकू कमी येत असेल तर कान तपासा. ऐकू न येणारा माणूस गप्प होतो, एकटा पडतो, आणि त्याने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. भजन, हरिपाठ, पारावरच्या गप्पा, नातवंडांचा अभ्यास चालू राहू द्या. रोज अर्धा तास चाला.

मन फार खचलं असेल तर 14416 या टेलिमानस नंबरवर कधीही, मोफत, मराठीत बोलता येतं.

108 आणि 14416, हे दोन नंबर आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्येही टाकून द्या.