कोलोनोस्कोपीआधी प्यायचं ‘जुलाबाचं पाणी’ किती सुरक्षित? शहापूर-मुरबाडच्या पेशंटनी काय विचारावं?

कोलोनोस्कोपीची तारीख मिळाली की सोबत एक पावडरचं पाकीट हातात पडतं. दोन लिटर पाण्यात विरघळवायचं, ठरल्या वेळी प्यायचं आणि पोट पूर्ण रिकामं करायचं. अनेक जण तपासणीपेक्षा या पाण्यालाच जास्त घाबरतात. म्हाताऱ्या माणसाला सोसेल का? किडनी खराब होते का?

बहुतेकांसाठी ही औषधं सुरक्षित आहेत. मात्र सगळी पाकिटं आणि बाटल्या सारख्या नसतात.

आधी हे का लागतं ते पाहू. मोठ्या आतड्यात कॅमेरा घालून डॉक्टर गाठी, जखमा, कॅन्सरची सुरुवात शोधतात. आत मळ राहिला तर छोटी गाठ त्याखाली लपते, आणि तपासणी पुन्हा करायची वेळ येते. घरच्या एरंडेलाने पोट ‘साफ’ झाल्यासारखं वाटतं, पण कॅमेऱ्याला लागते तेवढी सफाई त्याने होत नाही. शेवटी शौचाला पिवळट, पारदर्शक पाणी यायला हवं.

‘ग्लायकॉल’ नाव वाचून घाबरायचं का?

सर्वाधिक वापरली जाणारी पावडर म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि क्षार यांचं मिश्रण. १९८० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हे द्रावण मांडलं. त्यातला मुख्य घटक शरीरात जवळपास शोषला जात नाही. पाणी धरून ठेवत तो आतड्यातून वाहत बाहेर पडतो. क्षारांचं प्रमाणही असं ठेवलेलं असतं की शरीरातलं पाणी फारसं खेचलं जात नाही. म्हणूनच हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णांना डॉक्टर सहसा हीच पावडर देतात.

‘ग्लायकॉल’ या शब्दाची भीती मात्र महाराष्ट्रात उगाच आलेली नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्ण दगावले. चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. नाव मिळतंजुळतं असलं तरी तो पदार्थ वेगळा. तरीही औषध परवानाधारक मेडिकलमधून, बिल घेऊनच घ्यावं.

मग किडनीची भीती कुठून आली?

ती आली सोडियम फॉस्फेटमुळे. ही छोटी बाटली असते, दोन लिटर प्यावं लागत नाही, म्हणून लोकांना सोपी वाटते. पण तिच्यातलं फॉस्फेट रक्तात जातं आणि काही जणांच्या किडनीत त्याचे कॅल्शियमसोबत खडे साचतात. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी अशा २१ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. २००८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कडक इशारा दिला आणि तिथे चिठ्ठीशिवाय मिळणारी बाटली कंपनीने या वापरासाठी बाजारातून काढून घेतली. वय जास्त, किडनी आधीच कमजोर, रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू, किंवा गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारखी गोळी रोजची, अशांना धोका अधिक. शेतात राबणाऱ्या किती जणांच्या खिशात ती गोळी असते, हे वेगळं सांगायला नको. ती डॉक्टरांना सांगायची राहून जाते, कारण तिला कोणी ‘औषध’ मानतच नाही. मॅग्नेशियम असलेली औषधंही किडनीच्या रुग्णांनी विचारूनच घ्यावीत.

मॅनिटॉलचा धोका निराळा. आतड्यातले जंतू ते आंबवतात, हायड्रोजन वायू तयार होतो आणि गाठ जाळून काढताना ठिणगीने स्फोट होऊ शकतो. फ्रान्समधल्या अशा एका मृत्यूची नोंद १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली होती.

गावातून जाणाऱ्यांची खरी अडचण

शहापूर-मुरबाडकडच्या बहुतेकांना या तपासणीसाठी कल्याण, ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते. आजची सर्वमान्य पद्धत म्हणजे औषध दोन भागांत घेणं: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी, आणि किमान दोन तास आधी सगळं पिणं बंद. आता सकाळी ८ ची वेळ मिळाली असेल तर? दुसरा डोस पहाटे ३ ला आणि लगेच आसनगाव किंवा कसाऱ्याहून लोकल. लोकलमध्ये टॉयलेट नाही, मुरबाडहून सुटणाऱ्या एसटीतही नाही. मग लोक दुसरा डोस टाळतात आणि तपासणी वाया जाते.

त्यामुळे तारीख घेतानाच गाव सांगा आणि दुपारची वेळ मागा. दुपारी १ ची वेळ असेल तर दुसरा डोस सकाळी ७ ला सुरू करता येतो. बहुतेकांचा जोर दोनेक तासांत ओसरतो, मग निघता येतं. जमत असेल तर आदल्या रात्री कल्याणच्या नातेवाइकांकडे मुक्काम करणं सर्वात बरं. वयस्कर माणसाला रात्री टॉयलेटला एकटं जाऊ देऊ नका. चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो, त्यातून टॉयलेट घराबाहेर असेल तर अधिकच.

पाण्याचंही आधीच बघावं लागतं. भातसा आणि तानसा धरणं याच शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावंही याच तालुक्यात. पावडरसाठी उकळून गार केलेलं पाणी वेगळं काढून ठेवा. नुसतं साधं पाणी तांब्यांवर तांबे पिऊ नका. रक्तातलं सोडियम घसरून गोंधळल्यासारखं होतं, क्वचित झटकेही येतात. मधेमधे गाळलेलं लिंबू सरबत, ओआरएस, बिनदुधाचा चहा चालतो. कोकम सरबत नको, त्याचा लाल रंग कॅमेऱ्यात रक्तासारखा दिसतो. आदल्या दिवशी भात चालतो, नाचणीची भाकरी आणि पालेभाजी नाही.

मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी नेहमीसारखे घेऊ नयेत, डोस आधीच विचारून घ्यावा. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवायला सांगतात. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

पोट फुगून कडक झालं, सतत उलट्या होऊ लागल्या, लघवी थांबली, छातीत दुखलं किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर उरलेलं औषध पाजू नका. डॉक्टरांना फोन करा, ते भेटले नाहीत तर १०८ ला. अँब्युलन्स येईपर्यंत औषधाचं रिकामं पाकीट शोधून हाताशी ठेवा. काय आणि किती प्यायलं, हे रुग्णालयात पहिल्यांदा विचारतात.