प्लॉयेश्त
रूमानियातील औद्योगिक शहर व प्राहोव्हा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. ते बूकारेस्टच्या उत्तरेस सु. ६० किमी. वर वसले आहे. १८५७ मध्ये शहरालगत खनिज तेलाचा शुद्धीकरण कारखाना सुरू झाला व त्यातील दिव्याच्या तेलाने त्याच वर्षी बूकारेस्टचे रस्ते उजळले. तेलाने आणलेली भरभराटच पुढे शहराच्या विध्वंसास कारण झाली. पहिल्या महायुद्धात तेलसाठे जर्मनांच्या हाती पडू नयेत म्हणून १९१६ मध्ये दोस्तांनीच ते जाळले. दुसऱ्या महायुद्धात येथून जर्मनीस इंधन मिळत असल्याने १ ऑगस्ट १९४३ रोजी १७७ अमेरिकन विमानांचा ताफा लिबियातून येथील कारखान्यांवर चालून आला. त्यांपैकी पन्नासांहून अधिक विमाने नष्ट झाली. युद्धानंतर कारखान्यांची पुनर्रचना झाली. नाटककार काराज्याले (१८५२–१९१२) याचे शालेय शिक्षण येथे झाले, तर कवी नीकीता स्तानेस्कू (१९३३–८३) याचे हे जन्मस्थान होय. येथील तेल संग्रहालय (स्था. १९६१) प्रसिद्ध आहे.